लावणारा, शिंपणारा आणि वाढविणारा
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या स्थापनेस पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्याबद्दल परमेश्वराचे आभार मानण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. मंदिराचा पाया कोणी घातला, पहिली मिस्सा कोठे झाली, घंटेसाठी वर्गणी कशी गोळा झाली, हा सर्व वृत्तान्त आमच्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलाच आहे. समितीने आमच्याकडे 'तरुण पिढी' हा विषय सोपविला. ह्या विषयावर धर्मगुरू काय बोलणार, हे आपणांस बहुधा आधीच ठाऊक असेल: मुले मिस्साला येत नाहीत, मोबाईल सोडीत नाहीत आणि आईबापांचे ऐकत नाहीत! ते गाऱ्हाणे आज बाजूस ठेवून आम्ही एका खेळाविषयी आणि त्या खेळातील एका शिक्षकाविषयी बोलणार आहोत. व्यासपीठावरून क्रिकेटची गोष्ट निघालेली पाहून कोणा वडीलधाऱ्यांस नवल वाटल्यास त्यांनी शेवटपर्यंत धीर धरावा, इतकीच विनंती.

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्याची २ तारीख आपल्या सर्वांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी रविवार होता आणि सर्व मृत भाविकांचा स्मरणदिनही होता. सकाळी आपण आपल्या दिवंगतांची नावे वाचली, मेणबत्त्या लावल्या, कबरींवर फुले वाहिली. त्याच दिवशी नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसाने दुपारी खेळ लांबविला. परंतु मैदानाकडे निघालेली माणसे काही माघारी फिरली नाहीत. निळे सदरे घातलेले बाप आपल्या लहान मुलींस खांद्यावर घेऊन चाललेले आम्ही स्वतः पाहिले. भारताच्या मुलींनी ७ गडी गमावून २९८ धावा केल्या आणि दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ धावांवर संपविला. ५२ धावांनी सामना जिंकला, तेव्हा मध्यरात्र झाली होती. फटाक्यांच्या आवाजाने आम्ही खिडकीपाशी आलो. सकाळी ज्या नगरीने मृतांसाठी अश्रू ढाळले, तीच नगरी रात्री आनंदाश्रू ढाळीत होती.

त्या विजयाचे पोवाडे पुष्कळांनी गायिले. शेफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि ३९ धावांत ५ बळी, संघनायिका हरमनप्रीत कौर हिने घेतलेला तो शेवटचा झेल, हे सारे आपल्या मुलांस तोंडपाठ आहे. परंतु आमचे लक्ष सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या एका गृहस्थाकडे गेले. वयाने ते जवळजवळ आमच्याच बरोबरीचे. त्यांनी त्या दिवशी बॅट धरली नव्हती की चेंडू टाकला नव्हता. सामना संपताच संघनायिकेने वाकून त्यांच्या पायांस स्पर्श केला आणि मग त्यांस मिठी मारली. हे गृहस्थ म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक श्री. अमोल मुजुमदार.

मुजुमदारांचा जन्म मुंबईत ११ नोव्हेंबर १९७४ रोजी झाला. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात ते शिकले आणि कै. रमाकांत आचरेकर ह्या थोर गुरूच्या हाताखाली क्रिकेटचे धडे त्यांनी गिरविले. १९८८ साली आझाद मैदानावर शाळाशाळांच्या हॅरिस ढालीचा सामना चालला असता सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ह्या दोन बालकांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, ही कथा महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. परंतु त्या कथेत तिसरा एक मुलगा आहे. त्यापुढे खेळावयास जाण्याचा क्रम त्याचा होता. पायांस पॅड बांधून तो तेरा वर्षांचा मुलगा दोन दिवस बसून राहिला आणि त्याचा डाव काही आला नाही. तो मुलगा म्हणजे अमोल मुजुमदार.

जणू ह्या दोन दिवसांनी त्यांच्या पुढील आयुष्याचे चित्रच काढून ठेविले होते. १९९३-९४ च्या हंगामात त्यांनी रणजी करंडकात मुंबईकडून पदार्पण केले आणि हरियाणाविरुद्ध पहिल्याच डावात २६० धावा केल्या. पदार्पणात इतक्या धावा तोपर्यंत जगात कोणीच केल्या नव्हत्या. लोक म्हणू लागले की हा मुलगा आज ना उद्या भारताकडून खेळणार. पण तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण असे एकाहून एक सरस फलंदाज त्याच काळात उदयास आले आणि मधल्या फळीतील जागा भरून गेल्या. मुजुमदार खेळत राहिले. प्रथम श्रेणीचे १७१ सामने, ११,१६७ धावा आणि ३० शतके त्यांच्या नावावर जमा झाली. मुंबईनंतर ते आसामकडून खेळले, आंध्रकडून खेळले आणि २०१४ साली त्यांनी बॅट खाली ठेविली. भारताची टोपी त्यांच्या मस्तकावर एकदाही आली नाही.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. आपल्यापैकी असा कोण आहे, की ज्याचा डाव कधीतरी आला नाही असे झाले नाही? कोणास हवी ती नोकरी लाभली नाही, कोणाचे शिक्षण घरच्या ओढगस्तीने अर्ध्यावर राहिले, कोणी घर बांधण्याचे स्वप्न उराशी धरून भाड्याच्या खोलीत आयुष्य काढले. पात्रता असूनही न मिळालेल्या गोष्टीचे मनुष्य काय करतो, ह्यावर त्याची खरी परीक्षा होते. काही माणसे त्या दुःखाचे विष करून ते जन्मभर पितात आणि भोवतालच्यांसही पाजतात. काही थोडी माणसे मात्र आपणांस जे मिळाले नाही ते दुसऱ्यांस मिळावे म्हणून झिजतात. मोशेने इस्राएल लोकांस चाळीस वर्षे रानातून चालविले आणि वचनदत्त भूमी केवळ डोंगरावरून पाहिली. तथापि मार्गात त्याने लोकांचा हात सोडला नाही. शिक्षकाच्या पेशाचे मर्म ह्यात आहे.

मुजुमदारांच्या खेळाडूपणाच्या काळातील एक प्रसंग पुढील कथेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २००६-०७ साली ते मुंबईचे कर्णधार होते. त्या हंगामातील पहिले तिन्ही सामने मुंबईने गमावले. उपांत्य सामन्यात तर बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी मुंबईचे पाच गडी बाद झाले. शून्यावर पाच! तरीही तो सामना मुंबईने जिंकला आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवून करंडकही आणला. तीन पराभवांनंतरही काही संपलेले नसते, हा धडा त्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता, तो अनुभवाने अंगी मुरला होता.

खेळ सोडल्यावर त्यांनी शिकविण्यास आरंभ केला. राजस्थान रॉयल्स संघाच्या फलंदाजांस त्यांनी मार्गदर्शन केले; २०१९ साली भारतात आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघासही त्यांनी फलंदाजीचे धडे दिले. त्याच देशाच्या महिलांविरुद्ध पुढे अंतिम सामना व्हावयाचा होता, हा योगायोग मोठा मौजेचा! २०२१ पासून त्यांनी मुंबईच्या पुरुष संघाची धुरा वाहिली. त्यांच्या कारकिर्दीत २०२२ साली मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला. मग २०२३ च्या ऑक्टोबरात भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्यांची नेमणूक झाली. ज्याने भारताची टोपी कधी घातली नाही, त्याने हिंदुस्थानच्या मुलींस काय शिकवावे, अशी शंका काहींनी बोलून दाखविली.

परंतु मुजुमदारांनी ओसाड रानात काम सुरू केले, असे आम्ही म्हटले तर त्यांच्यापूर्वी खपलेल्यांवर अन्याय होईल. महिला क्रिकेटचे शेत फार वर्षांपूर्वी नांगरले गेले होते. १९७३ साली श्री. महेंद्रकुमार शर्मा ह्यांच्या खटपटीने भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिच्यात संघ होते अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. मुंबईत आलू बमजी ह्या बाईंनी 'आल्बीज' नावाचा मुलींचा क्लब चालविला. शांता रंगस्वामी, डायना एडलजी ह्यांच्यासारख्या खेळाडू आरक्षणावाचून रेल्वेने प्रवास करीत, धर्मशाळेसारख्या जागेत जमिनीवर निजत आणि एकमेकींच्या बॅटी वापरून सामने खेळत. २००६ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिलांचे क्रिकेट आपल्याकडे घेतले. २००५ साली ऑस्ट्रेलियाकडून आणि २०१७ साली लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडकडून अवघ्या ९ धावांनी अंतिम सामना हातचा गेला. २०२२ साली पुरुषांइतकेच सामन्याचे मानधन महिलांसही देण्याचे ठरले. ४ मार्च २०२३ रोजी महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिला सामना आपल्या नेरुळच्या मैदानावरच झाला. अर्धशतकाचे असे हे कष्ट आहेत. म्हणूनच विश्वचषक जिंकल्यावर त्या मुलींनी तो मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा ह्या आपल्या ज्येष्ठ भगिनींच्या हाती दिला, तेव्हा आमचे डोळे पाणावले. कृतज्ञता म्हणजे काय, हे आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ह्याहून उत्तम रीतीने शिकवू शकलो नसतो.

आणि केवळ मोठ्या संस्थांचेच हे श्रेय नव्हे. सांगलीच्या मुलीस, स्मृती मानधनाला, घडविणारे श्री. अनंत तांबवेकर सांगलीतच शिकवीत राहिले. कांदिवलीच्या राधा यादवच्या घरची परिस्थिती बेताची. तिच्यातील गुण श्री. प्रफुल्ल नाईक ह्यांनी हेरला. भांडुपमध्ये जन्मलेली आणि पुढे वांद्र्यास वाढलेली आपली ख्रिस्ती भगिनी जेमिमा रॉड्रिग्ज हिचे पहिले गुरू तिचे वडील श्री. आयव्हन रॉड्रिग्ज. मुलीच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून त्यांनी तो काढला! संघ नाही, मैदान नाही, रीत नाही, असे म्हणून ते घरी बसले असते तर पुढचे काहीच घडले नसते. एका बापाने एका शाळेत आरंभ केला, इतकेच.

आता मुजुमदारांच्या बांधणीकडे वळू. डिसेंबर २०२३ मध्ये नेरुळच्याच मैदानावर इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. भारताच्या मुलींनी तो ३४७ धावांनी जिंकला. महिलांच्या कसोटी क्रिकेटमध्ये धावांच्या हिशेबाने इतका मोठा विजय पूर्वी कोणाचाच नव्हता. त्याच महिन्यात वानखेडे मैदानावर ऑस्ट्रेलियाला त्यांनी ८ गडी राखून हरविले. कसोटीत ऑस्ट्रेलियावर भारतीय महिलांचा हा पहिलाच विजय. आरंभ असा दणदणीत झाला. पण बांधकाम करणारा जाणतो की भिंत लवकर उंच झाली म्हणजे ती पक्की झाली असे नाही. जुलै २०२४ मध्ये आशिया चषकाचा अंतिम सामना श्रीलंकेने जिंकला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वीस षटकांच्या विश्वचषकात भारताचा संघ पहिल्या फेरीतच बाद झाला. टीकेचा भडिमार झाला.

अशा वेळी उतावळा मनुष्य सगळेच मोडून नवे मांडतो. येथे तसे झाले नाही. शरीराची क्षमता आणि क्षेत्ररक्षण ही जुनी दुखणी होती, त्यांवर नेटाने उपचार सुरू राहिले. गोलंदाजीसाठी मुंबईचे श्री. आविष्कार साळवी आणि क्षेत्ररक्षणासाठी श्री. मुनीश बाली असे सहकारी मुजुमदारांस लाभले. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडात जाऊन संघाने वीस षटकांची आणि पन्नास षटकांची अशा दोन्ही मालिका जिंकल्या. सप्टेंबरात दिल्लीस ऑस्ट्रेलियाने ४१२ धावांचा डोंगर रचला. भारताच्या मुली हरल्या, पण ३६९ धावांपर्यंत जाऊन हरल्या. मोठ्या डोंगरास भिण्याचे कारण नाही, एवढी खूणगाठ त्या दिवशी बांधली गेली. पुढे सहाच आठवड्यांत तिचा उपयोग व्हावयाचा होता.

विश्वचषकात ऑक्टोबरच्या ९ तारखेस दक्षिण आफ्रिकेकडून, १२ तारखेस ऑस्ट्रेलियाकडून आणि १९ तारखेस इंदूरला इंग्लंडकडून असे ओळीने तीन पराभव झाले. शेवटचा तर केवळ ४ धावांनी, तोही हातातोंडाशी आलेला घास गमावून. त्या रात्री प्रशिक्षकांनी मुलींस स्पष्ट शब्दांत सुनावले आणि त्या बोलण्याचा कोणीही राग मानला नाही, असे पुढे संघनायिकेनेच सांगितले. शिक्षकाचे प्रेम आधी दोन वर्षे अनुभवास आलेले असले, म्हणजेच त्याचे कठोर शब्द औषधासारखे लागतात. ज्या आईबापांस मुलांवर केवळ रागवावयाचेच ठाऊक आहे, त्यांनी ह्याचा विचार करावा.

इंदूरच्या सामन्यातून जेमिमास वगळले होते. २३ तारखेस न्यूझीलंडविरुद्ध नेरुळला तिला परत घेण्यात आले आणि तिने नाबाद ७६ धावा केल्या. पुढच्या सामन्यात सलामीची प्रतिका रावल जायबंदी झाली. तिच्या जागी मूळ संघात नसलेल्या शेफालीस बोलावणे गेले. उपांत्य सामन्यात शेफाली १० धावांवर बाद झाली. पण अंतिम सामन्यात तिनेच ८७ धावा केल्या आणि दोन गडीही टिपले. ज्यांची आठवण राहिली नव्हती, त्यांच्याच हातून कार्य झाले. कोनशिलेचा दाखला प्रभूने दिला आहेच.

उपांत्य सामना ३० ऑक्टोबरचा. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा झाल्या होत्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत इतका मोठा पल्ला पूर्वी कोणीही गाठला नव्हता. अशा वेळी लांबलचक उपदेश करण्याचा मोह कोणासही झाला असता. मुजुमदारांनी फळ्यावर एवढेच लिहिले की त्यांच्यापेक्षा एक धाव अधिक हवी. आम्हां प्रवचनकारांनी हा धडा मनावर घ्यावा! जेमिमास तिसऱ्या क्रमांकावर जावयाचे आहे, हे तिला मैदानात उतरण्यापूर्वी अवघी पाच मिनिटे कळले. ती अखेरपर्यंत टिकून राहिली, १२७ धावा करून नाबाद परतली. तिने आणि हरमनप्रीतने १६७ धावांची भागीदारी केली आणि ९ चेंडू शिल्लक असता सामना जिंकला. अर्धशतक झाले तेव्हा किंवा शतक झाले तेव्हा तिने बॅट उंचावून आनंद केला नाही. काम अपुरे होते.

सामन्यानंतर तिने सर्व जगासमोर प्रभू येशूचे आभार मानले. त्या स्पर्धेत आपण जवळजवळ रोज रडत होतो, मन चिंतेने ग्रासले होते, आईवडिलांनी आणि मैत्रिणींनी सांभाळून घेतले, हेही तिने लपविले नाही. शक्ती सरत आली तेव्हा पवित्र शास्त्रातील एक वचन आपण मनाशी घोळवीत राहिलो, असे तिने सांगितले. पुष्कळ ख्रिस्ती घरांत त्यामुळे मोठा हर्ष झाला. येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. परमेश्वर कोणत्याही संघाचा बारावा गडी नसतो. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट हिने उपांत्य सामन्यात १६९ आणि अंतिम सामन्यात १०१ धावा केल्या, तरी तिच्या पदरी पराभवच आला. देव तिच्यावर रुष्ट होता असे म्हणणे हे अज्ञान होय. जेमिमाच्या साक्षीचे मोल तिच्या विजयात नाही, तिच्या अश्रूंत आहे. ती संघाबाहेर बसली होती, त्या दिवशीही प्रभू तिच्याजवळ होता. शतकाच्या दिवशी ते जगास दिसले, इतकेच.

खेळास ख्रिस्तसभेने कधी परके मानिलेले नाही. संत पौलाने धावण्याच्या शर्यतीचे आणि कोमेजणाऱ्या मुकुटाचे उदाहरण देऊन करिंथकरांस संयम शिकविला. संत जॉन बॉस्को ह्यांनी तुरिनच्या रस्त्यांवरील मुलांस मैदानाच्या वाटेने मंदिरात आणले. आजचे आपले पोप, लिओ चौदावे, हे स्वतः हौसेने टेनिस खेळतात. २०२५ च्या ज्युबिली वर्षात जून महिन्यात रोम येथे खेळाडूंचा जुबिली सोहळा झाला, तेव्हा खेळ मनुष्यास हरावयासही शिकवितो, असा विचार त्यांनी मांडिला. आणि टेनिसचेच नाव निघाले म्हणून सांगतो: १९३४ साली विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री आपल्या मुंबईचीच, लीला राव. तिची आई, संस्कृतच्या विदुषी पंडिता क्षमा राव, ह्याही टेनिस खेळत. मुलीने काय करावे, हे त्या आईने आधी स्वतः करून दाखविले होते.

आता आमचे एक न्यून सांगतो. ते सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही सेवेस असता, रविवारी मिस्सानंतर दहाअकरा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. तिच्या हातात भावाची जुनी बॅट होती. "फादर, आम्ही मुली मैदानावर खेळू का?" असे तिने विचारिले. आम्ही म्हणालो, "मुलांचा सामना आटोपू दे, बाळ, मग खेळा." मुलांचा सामना आटोपला तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली आणि भिंतीशी उभी राहिली. तिसऱ्या रविवारीही आली. आम्ही तिला पाहिले, हसून मान डोलाविली आणि सभेस निघून गेलो. चौथ्या रविवारी ती आली नाही. पुढे तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब ते गाव सोडून गेले. आम्ही तिला 'नाही' असे कधीच म्हटले नव्हते. 'मग' असे म्हटले होते. मुलींची पुष्कळ स्वप्ने ह्या 'मग' शब्दाखाली पुरली गेली आहेत.

२ नोव्हेंबरच्या रात्री खिडकीपाशी उभे असता आम्हांस ती मुलगी आठवली. दिवसभर आम्ही मृतांचे स्मरण केले होते. रात्री एका जिवंत मुलीची आठवण येऊन मन खाली झाले. पायांस पॅड बांधून दोन दिवस बसलेला तो शाळकरी मुलगा आणि बॅट घेऊन तीन रविवार भिंतीशी उभी राहिलेली ती मुलगी, दोघांचाही डाव आला नाही. परंतु त्या मुलास एक गुरू होता, शाळा होती, मैदान होते. त्या मुलीस आम्ही भेटलो होतो.

म्हणून ह्या रौप्यमहोत्सवानिमित्त आम्ही आपणांपुढे तीन गोष्टी मांडितो. पहिली: आपल्या मंदिरामागील मैदान आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी दुपारी केवळ मुलींसाठी राखून ठेवावे. ही वेळ 'मुलांचे आटोपल्यावर' नसावी. तिचा फलक दारावर लागावा आणि सर्व धर्मांच्या शेजारच्या मुलींस दार उघडे असावे. दुसरी: शिकविण्यास जाणते मनुष्य असावे आणि खेळाच्या वेळी धर्मग्रामातील दोन स्त्रिया तेथे हजर असाव्यात, म्हणजे आईबापांस घोर राहणार नाही. तिसरी गोष्ट आईबापांसाठी: मुलगी चौदा वर्षांची झाली, दहावीची परीक्षा आली, की तिचा खेळ प्रथम बंद होतो आणि मुलाचा मात्र चालू राहतो. हा पंक्तिप्रपंच बंद करावा. अभ्यासाची काळजी दोघांचीही सारखीच करावी.

ह्या कामाचे फळ आम्ही मागत नाही. करंडक येवो वा न येवो. आजच्या मुलींपैकी एकही भारताकडून खेळली नाही तरी हे श्रम वाया गेले असे समजू नये. धडधाकट शरीर, हार पचविण्याची ताकद, मैत्रिणीच्या यशात आनंद मानण्याचा मोठेपणा, ही शिदोरी ज्या मुली घेऊन जातील त्या उद्याच्या आया, शिक्षिका, परिचारिका आणि धर्मभगिनी होतील.

शेवटी आपल्या धर्मशिक्षकांस दोन शब्द. पंचवीस वर्षे दर रविवारी आपण लहान मुलांस क्रुसाची खूण करावयास शिकविली. ती मुले मोठी झाली, पांगली. कोणी आखातात गेले, कोणी कॅनडात. त्यांपैकी कितींनी परत येऊन आपले आभार मानिले? आपण पेरलेले उगवले की नाही, हेही पुष्कळदा आपणांस कळले नाही. मुजुमदारांस वयाच्या ५० व्या वर्षी तरी फळ डोळ्यांनी पाहावयास मिळाले. आलू बमजींच्या काळच्या पुष्कळांस ते मिळाले नाही, मोशेलाही मिळाले नाही. परंतु संत पौल करिंथच्या मंडळीस समजावितो की लावणी एकाने करावी, अपुल्लोसाने पाणी घालावे आणि वाढ मात्र देवानेच द्यावी. लावणाऱ्याने आपली लावणी केली म्हणजे त्याच्या वाट्याचे काम झाले.

पुढील पंचवीस वर्षांनी ह्याच मंदिरात सुवर्णमहोत्सव होईल, तेव्हा आम्ही बहुधा त्या सकाळी वाचल्या जाणाऱ्या नावांच्या यादीत असू. त्या दिवशी मंदिरामागून मुलींचा गलका ऐकू येत असावा, एवढीच आमची इच्छा आहे. तो ऐकून एखाद्या तरुण धर्मगुरूस प्रवचन थोडे आवरते घ्यावे लागले, तरी चालेल.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामास, आपल्या घरांस आणि विशेषेकरून आपल्या मुलींस भरभरून आशीर्वाद देवो. आमेन.